मदरबोर्ड बदलला, पण फॉरमॅट मारला नाही

बाबांच्या पीसीला नवा मदरबोर्ड बसवला आणि विंडोज १० काही केल्या सुरू होईना. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्क दिसायची, बूटच्या, म्हणजे पीसी जिथून सुरू होऊ शकतो त्या, यादीत मात्र नाही. दुकानदार म्हणाला, फॉरमॅट मारा. मन होईना, त्यात बाबांचा दहा वर्षांचा हिशेब होता. आधी डिस्क दुसऱ्या पीसीला लावून बॅकअप घेतला. मग उलगडा झाला: डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची, बोर्ड मात्र पीसी सुरू करण्याच्या नव्या यूईएफआय पद्धतीवर. बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारी सोय) चालू केलं आणि निळी खिडकी उमटली, खाली 'गेटिंग डिव्हाइसेस रेडी'. बाबा खुर्ची ओढून शेजारीच बसले. पुढे 'एमबीआरटूजीपीटी' कमांडने डिस्क यूईएफआयला चालणाऱ्या जीपीटी पद्धतीची केली, सीएसएम बंद केलं. अ‍ॅक्टिव्हेशन (विंडोजच्या परवान्याची नोंद) गेलं होतं. लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असल्याने विंडोजच्या सेटिंगमधल्या ट्रबलशूटमधून तेही परत आलं.