बोगद्यात जीव घाबरला तर श्वास मोजा

कोकण रेल्वेने जाताना उक्षी आणि भोकेच्या मधला करबुडे बोगदा लागला, की काहींची छाती धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, काही मिनिटांत संपतो. अशी अचानक उसळणारी भीती, म्हणजे पॅनिक अटॅकही, साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचून ओसरू लागतो.

१. जागेवरच बसा, पाय जमिनीवर टेकवा. हवेसाठी दाराकडे धावू नका. चालत्या गाडीत खरा धोका तिथेच आहे.

२. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या, तोंडाने सहा अंक मोजत सोडा. फुंकणीने निखारा हळूच फुलवावा तसा. पोट हललं पाहिजे, खांदे नाही.

३. एक श्वास म्हणजे दहा सेकंद. बोटांच्या पेरांवर मोजा. तीस-चाळीस होईतो बहुतेक वेळा उजेड दिसतो.

इथे हमखास चुकतं ते असं: "मोठा श्वास घे" म्हणून शेजारी सांगतात आणि माणूस भराभर हवा ओढतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी घटतो, चक्कर आणि मुंग्या वाढतात. भर श्वास सोडण्यावर हवा. कागदी पिशवीत श्वास घेणं टाळा.

छातीतली कळ हातात, जबड्यात जात असेल, दरदरून घाम सुटला असेल किंवा असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, तर घाबरण्यावर ढकलू नका; टीसीला कळवा, पुढच्या स्टेशनला उतरून ईसीजी काढा. त्रास वारंवार होत असेल तर १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.