अंकुशकृमींचा संसर्ग कसा ओळखावा आणि त्यावर पूर्ण उपचार कसे घ्यावेत

महिनोन्‌महिने थकवा जात नाही, जिना चढताना धाप लागते, चेहरा फिकट पडलेला असतो. पण ताप नाही आणि फारसे काही दुखतही नाही, म्हणून दवाखान्यात जाणे लांबणीवर पडत राहते. अंकुशकृमींचा, म्हणजेच हुकवर्मचा, संसर्ग पुष्कळदा असाच अंगावर काढला जातो. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे हे जंत लहान आतड्याच्या अस्तराला तोंडाने घट्ट धरून रक्त शोषतात. त्यांना मारणारी गोळी एका दिवसात घेऊन होते, मात्र शरीरातील लोहाचा जो साठा त्यांनी संपवलेला असतो तो भरून यायला काही महिने लागतात. गोळी घेतली की उपचार संपले, हा समज रुग्णाचे फार नुकसान करतो.

पहिली पायरी : मातीशी आलेला संबंध आठवावा

संसर्ग झालेल्या माणसाच्या विष्ठेतून जंतांची अंडी बाहेर पडतात. उबदार, ओलसर आणि सावलीतल्या मातीत ती एक-दोन दिवसांत फुटतात आणि साधारण ५ ते १० दिवसांत त्यांतल्या अळ्या माणसाच्या त्वचेतून आत शिरण्याजोग्या होतात. परिस्थिती अनुकूल असली तर अशी अळी तीन-चार आठवडे जिवंत राहते. अनवाणी चालणे, उघड्या हातांनी माती उकरणे, ओल्या जमिनीवर बसणे किंवा मुलांनी तिथे खेळणे, एवढे निमित्त तिला पुरते. धोका केवळ शेतात काम करणाऱ्यांनाच असतो असे नाही. आल्प्स पर्वतातील गॉटहार्ड बोगदा खोदला जात असताना, १८८० च्या सुमारास, तेथील मजुरांमध्ये गंभीर रक्तक्षयाची साथ पसरली होती आणि तिचे कारण हेच जंत होते. बोगद्यातील उबदार दमटपणा आणि शौचालयांचा अभाव त्यांच्या पथ्यावर पडला होता.

मात्र ताज्या विष्ठेतील अंड्यांमधून लगेच संसर्ग होत नाही, कारण अळ्या तयार होण्यासाठी मातीतला काळ जावाच लागतो. त्यामुळे रुग्णाच्या शेजारी बसल्याने किंवा त्याला स्पर्श केल्याने हा आजार होत नाही, आणि घरातील आजारी माणसाला वेगळे ठेवण्याचे काहीही कारण नाही.

दुसरी पायरी : लक्षणे क्रमाने पाहावीत

अळी जिथून आत शिरते तिथे, बहुधा पायाच्या बोटांच्या बेचक्यांत किंवा तळव्यावर, तीव्र खाज सुटते आणि बारीक लालसर पुरळ उठते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातावर कैरो येथे अळ्या असलेले पाणी चुकून सांडले; आधी त्याच जागी आग होऊन खाज सुटली आणि पुढे काही आठवड्यांनी त्यांच्या विष्ठेत अंडी सापडली. जंत त्वचेतून शिरतात हे तेव्हा लक्षात आले. त्वचेतून शिरलेली अळी रक्तावाटे फुप्फुसात पोहोचते, तिथून श्वासनलिकेने घशाशी येते आणि गिळली जाऊन आतड्यात उतरते. या प्रवासात काही जणांना कोरडा खोकला येतो किंवा घसा खवखवतो. अंकुशकृमींची एक जात अळ्यांनी दूषित झालेल्या अन्नपाण्यावाटे थेट तोंडातूनही शरीरात शिरू शकते.

आतड्यात जंत स्थिरावले की पोटात दुखणे, मळमळ, जुलाब, भूक मंदावणे अशा तक्रारी सुरू होतात. जंत थोडे असले तर कदाचित काहीच जाणवत नाही. खरे नुकसान हळूहळू होत जाते. अंकुशकृमींच्या माणसात आढळणाऱ्या दोन मुख्य जातींपैकी नेकेटर जातीचा एक जंत दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर, तर अँकिलोस्टोमा ड्युओडेनेल जातीचा जंत सुमारे ०.२ मिलिलिटर रक्त वाया घालवतो. हे आकडे क्षुल्लक वाटतात, पण दुसऱ्या जातीचे शंभर जंत असले तर दररोज सुमारे २० मिलिलिटर रक्त जाते. एक मिलिलिटर निरोगी रक्तात जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह असते आणि शरीर आहारातून दिवसाला साधारण एक ते दोन मिलिग्रॅमच लोह शोषते. आतड्यात सांडलेल्या लोहापैकी काही पुन्हा शोषले जाते हे खरे, तरीही एवढी तूट आहाराने भरून निघत नाही.

म्हणून आरशासमोर उजेडात उभे राहून खालची पापणी हलकेच ओढावी. आतला भाग नेहमीच्या गुलाबी-लाल रंगाऐवजी पांढुरका दिसला, नखे पातळ होऊन मध्ये खोलगट झालेली असली, छातीत धडधडत असले, पायांवर सूज असली किंवा माती, खडू, बर्फ खाण्याची अनावर इच्छा होत असली, तर रक्ताची तपासणी करावीच. लहान मुलांच्या बाबतीत वाढ खुंटणे आणि अभ्यासात लक्ष न लागणे ही लक्षणे विशेष महत्त्वाची आहेत. अशा मुलाला आळशी ठरवून रागावण्यापूर्वी त्याचे हिमोग्लोबिन तपासावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौचास होणे, यांपैकी काहीही आढळल्यास पुढील पायऱ्यांची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. तान्ह्या बाळामध्ये किंवा गर्भवतीमध्ये रक्तक्षयाची चिन्हे दिसली तरीही उशीर करू नये.

तिसरी पायरी : तपासणीसाठी नमुना नीट द्यावा

निदानाचा मुख्य आधार म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली विष्ठेत दिसणारी अंडी. नमुना स्वच्छ, कोरड्या, रुंद तोंडाच्या डबीत घ्यावा. त्यात लघवी किंवा शौचालयातले पाणी मिसळू देऊ नये. डबीवर नाव, तारीख आणि वेळ लिहून ती शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी. हा आग्रह अनाठायी नाही. नमुना उबदार जागी बराच वेळ पडून राहिला तर अंडी डबीतच फुटतात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या दुसऱ्याच एका कृमीच्या असल्याचा गैरसमज होऊ शकतो. एका नमुन्यात अंडी सापडली नाहीत तर वेगवेगळ्या दिवशी आणखी नमुने द्यावेत, कारण संसर्ग सौम्य असल्यास अंडी सहज नजरेतून सुटतात.

अळी शरीरात शिरल्यापासून अंडी बाहेर पडू लागेपर्यंत पाच किंवा त्याहून अधिक आठवडे जातात. त्यामुळे पायाला खाज सुटल्यावर आठवड्याभरातच केलेली तपासणी निर्दोष आली, तरी तिच्यावर विसंबू नये. या काळात रक्तातील इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळतात आणि डॉक्टरांना तेवढा सुगावा पुरेसा ठरू शकतो. हिमोग्लोबिन आणि शक्य असल्यास फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) या तपासण्याही त्याच वेळी कराव्यात.

चौथी पायरी : जंतांचे औषध घ्यावे

प्रौढांसाठी आणि दोन वर्षांवरील मुलांसाठी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक मात्रा हा सर्वाधिक वापरला जाणारा उपचार आहे. मेबेंडाझोल १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असे तीन दिवस देणे हा पर्याय आहे. मेबेंडाझोलच्या एकाच मोठ्या मात्रेपेक्षा हा तीन दिवसांचा क्रम अधिक परिणामकारक ठरतो. पायरँटेल हे आणखी एक औषध वजनानुसार दिले जाते. गोळी जेवणासोबत घ्यावी. लहान मुलाला अखंड गोळी गिळायला लावू नये, कारण ती घशात अडकून गुदमरण्याचा धोका असतो. गोळी बारीक कुटून पाण्यात कालवून द्यावी आणि मूल रडत असताना ती बळजबरीने तोंडात घालू नये.

दोन वर्षांखालील मुलांची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही औषधे टाळली जातात; त्यानंतर ती घ्यावीत का, हे डॉक्टर रक्तक्षयाची तीव्रता पाहून सांगतात. औषधानंतर सौम्य पोटदुखी, मळमळ किंवा डोकेदुखी झाल्यास ती सहसा लवकर थांबते.

पाचवी पायरी : रक्त भरून काढावे

उपचार अर्धवट सुटतो तो इथेच. जंत गेले की रुग्णाला लगेच तरतरी येईल अशी घरच्यांची अपेक्षा असते, आणि तसे झाले नाही की औषधावरचा विश्वास उडतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात, त्या चहा-कॉफीसोबत घेऊ नयेत, आणि हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने सुरू ठेवाव्यात. लोहामुळे शौचाचा रंग काळपट होतो, त्याने घाबरून जाऊ नये. ती डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधीयुक्त असेल तरच डॉक्टरांना लगेच कळवावे. या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशाच ठेवाव्यात, कारण त्या एकदम अनेक खाल्ल्यास जिवावर बेतू शकते. पायांवर सूज असल्यास प्रथिनेही गमावलेली असू शकतात, म्हणून आहारात प्रथिने वाढवावीत.

महिनाभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे. ते वाढलेले नसेल तर गोळ्या खरोखर घेतल्या जात आहेत का आणि रक्तस्रावाचे दुसरे काही कारण आहे का, याचा शोध घ्यावा.

सहावी पायरी : पुन्हा तपासावे आणि पुन्हा होऊ देऊ नये

औषधानंतर दोन ते चार आठवड्यांनी विष्ठेची तपासणी परत करावी आणि अंडी दिसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध पुन्हा घ्यावे. एकदा बरे झाल्याने या जंतांपासून कायमचे संरक्षण मिळत नाही. त्याच जमिनीवर वावरणाऱ्या घरातील इतरांचीही तपासणी व्हावी, नाहीतर एकाच्या उपचारानंतरही मातीत अंडी पडतच राहतात. पायांत बंद पादत्राणे आणि हातांत हातमोजे घालावेत, ताजी मानवी विष्ठा खत म्हणून वापरू नये, आणि सर्वांनी शौचालयच वापरावे. केवळ चपलांवर भिस्त ठेवणे मला अपुरे वाटते, कारण मूल मातीत बसते, हात टेकते, लोळते. जिथे किमान २० टक्के लोकांना मातीतून पसरणाऱ्या जंतांचा संसर्ग असतो तिथे मुलांना वर्षातून एकदा, आणि हे प्रमाण ५० टक्क्यांहून अधिक असल्यास वर्षातून दोनदा, जंतनाशक गोळी द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे; आपल्या भागात असा कार्यक्रम चालत असेल तर मूल ठणठणीत दिसत असले तरी त्याला ही गोळी चुकवू देऊ नये.