जुना तांब्याचा पैसा सापडलाय? विकण्याआधी या चुका टाळा

माळ्यावरच्या डब्यात पणजीचे चार ढब्बू पैसे सापडले की घरात आधी चिंच भिजत पडते. नाण्याचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं.

चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही लावू नका. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला चॉकलेटी-काळपट थर म्हणजे मळ नव्हे. तो खालच्या धातूला जपतो आणि नाण्याच्या खरेपणाची साक्षही देतो. आंबट पदार्थ तो थर खातात आणि घासण्याने उठाव, म्हणजे नाण्यावरची वर आलेली चित्रं-अक्षरं, झिजतो. राणी व्हिक्टोरियाच्या केसांच्या बटा आधी सपाट होतात, मग झग्यावरची नक्षी. चकचकीत केलेला पाव आणा भिंगाखाली धरून पाहा: केसासारखे बारीक ओरखडे आणि सोललेल्या वायरीसारखा गुलाबी रंग. संग्राहक असं नाणं एकदा पाहतो आणि परत करतो. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, नंतर मऊ कापडाने टिपा, चोळू नका. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो नुसता कळंक नाही, आतून चालू असलेली झीज आहे. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

दुसरा गैरसमज, जुनं म्हणजे महाग. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा इतका पाडला गेला की साध्या स्थितीतला आजही किरकोळ दरात मिळतो. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं, तर त्यांच्यानंतरही, पेशवाईतसुद्धा पडत राहिली. त्यामुळे ‘श्री राजा शिव’ वाचता आलं म्हणजे ती शिवकालीन ठरली, असं नाही. महायुद्धात तांबं वाचवण्यासाठी काढलेला भोकाचा पैसा (१९४३ ते १९४७) मुंबई, कलकत्ता, लाहोर आणि चक्क प्रिटोरियाच्या टांकसाळीतही पडला. भोक पाहून लाखाची स्वप्नं रंगवू नयेत.

मग भाव कशाला येतो? कमी पाडलेलं वर्ष, टांकसाळ, टिकलेला उठाव आणि मागणारे किती, याला. १९११ ची पंचम जॉर्जची नाणी घ्या. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि १९१२ पासून तो नीट सोंडेचा कोरला गेला. म्हणून वर्षाचा शेवटचा आकडा आणि तो चिमुकला हत्ती, दोन्ही भिंगातून तपासा.

राम-सीता, हनुमान किंवा एखादं दैवत एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं ‘नाणं’ मिळालं, तर ते देव्हाऱ्यात खुशाल ठेवा. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढतं असं सांगून विकलं जाणारं नाणं ही तर सरळ ठगी.

ऑनलाइन जाहिरातीत ‘हा पैसा द्या, पाच लाख घ्या’ म्हणणारा थोड्या वेळाने नोंदणी फी, मग कर, मग कमिशन मागतो. रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्रही दाखवतो. खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलं होतं की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती असं शुल्क घेत नाही. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही!

शेतात नांगरताना हंडा लागला तर गुपचूप सोनाराकडे जाऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. अमेरिकेतल्या भाच्याला आठवण म्हणून शंभर वर्षांवरचं नाणं पाठवणंही १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात अडकतं.

ठेवताना नाणं कडेने धरा. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात तांब्यावर चिकट हिरवट थर येतो, त्यापेक्षा पुठ्ठ्याचे नाण्यांचे होल्डर बरे. आणि भाव बघायचा तर विक्रेत्याने लावलेला नको, नामांकित लिलावात तसंच, तेवढंच झिजलेलं नाणं प्रत्यक्ष कितीला गेलं तो बघा.