जुनी लॅम्ब्रेटा दुरुस्त करून पुन्हा उभी करताना तिचं मूळपण कसं जपावं

मराठवाड्यात जुनी इटालियन दुचाकी निघाली तर ती अनेकदा लॅम्ब्रेटा स्कूटर असते. कुणाच्या वाड्याच्या देवडीत, कुणाच्या आखाड्यावर कडब्याआड उभी असते. हँडलबरोबर हेडलाइट वळत असेल तर ती बहुधा एलआय 150 सिरीज 2. मिलानच्या इनोसेंटी कंपनीनं हे मॉडेल 1959 मध्ये आणलं आणि मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियानं, म्हणजे एपीआयनं, याच घडणीच्या गाड्या पुढे बरीच वर्षं इथं बनवल्या. म्हणून आधी एक ठरवून घ्या. तुमची गाडी एपीआयची असेल तर तिचं मूळपण मुंबईच्या कारखान्यातून ती जशी बाहेर पडली तसंच. इटलीहून बॅज आणि मीटर मागवून लावले तर पैसेही जातात आणि गाडीही खोटी होते.

पाना लावण्याआधी

चेसिस आणि इंजिनवरचे नंबर रॉकेलच्या फडक्यानं पुसा, फोटो काढा, आरसी बुकाशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेल्या दुचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते. त्यासाठी चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. नव्या नोंदणीला फी 20,000 रुपये, 10 वर्षांनी पुन्हा करताना 5,000. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. अशी नोंद झालेली गाडी रोज बाजारहाटाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

सँडब्लास्टिंगमध्ये, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं गंज काढताना, नंबर पुसट होतो; पावडर कोटिंगच्या जाड थरात बुजतो. दोन्हीकडे गाडी देण्याआधी नंबरवर जाड रबराची पट्टी आणि टेप चिकटवा, आणि तो टेप काढायचा नाही हे कामगाराला समोर उभं राहून सांगा.

रंग: आधी धुवा, मग ठरवा

सगळ्यात जास्त मूळपण इथंच जातं. पेंटरला ‘नवी करून दे’ असं कधी सांगू नका; तो खरंच नवी करून देतो. आधी साइड पॅनेल काढा. लेगशील्ड, म्हणजे पायांपुढचा पत्रा, आणि मधल्या पाइपाच्या बेचक्यात काळी माती दगडासारखी बसलेली असते. पावसाळ्यात ती ओल धरते, म्हणून पत्रा आतून कुजतो. लाकडी पट्टीनं ती उकरा, स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. वंगण रॉकेलनं सोडवा, मग कोमट पाणी आणि साध्या शाम्पूनं धुवा. बोअरचं पाणी जड असतं, सुकलं की पांढरे डाग धरतात. शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा द्या.

मूळ रंग शोधायचा तो टाकीखाली, टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत, बॅजच्या मागे. बाहेर दोनतीन हात चढले असतील तर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर 1000 नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून हलक्या हातानं फिरवा. एकात एक कडी दिसू लागतात: वरचा रंग, त्याखाली लांबी (पुट्टी), त्याखाली दुसरा रंग, शेवटी प्राइमर आणि पत्रा. प्राइमरला लागून असलेली कडी कारखान्याची. ती बऱ्यापैकी शाबूत असेल तर वरचे हात उतरवा, बारीक कंपाउंड मारा आणि थांबा. कुजलेला भागच वेल्डिंग करून तेवढाच रंगवा. रंगकामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. उन्हाळ्यात धूळ बसते, पावसाळ्यात रंगाला धुरकटपणा येतो.

नट-बोल्ट

मूळ नट-बोल्ट फेकून बाजारातले चकचकीत स्टीलचे लावणं ही सर्रास होणारी चूक. एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्व घालून गंजलेले नट-बोल्ट रात्रभर बुडवा, सकाळी ब्रश मारा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून उन्हात वाळवा आणि लगेच तेल लावा. अॅल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा शाबूत असलेले भाग यात टाकू नका; मुलामाच निघून जातो. नव्यानं झिंक प्लेटिंग हवं असेल तर वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क मिळतं. देताना नग मोजून फोटो काढून ठेवा. स्प्रिंगा मात्र देऊ नका. प्लेटिंगच्या अॅसिडात पोलादात हायड्रोजन शिरतो आणि स्प्रिंग पुढे अचानक तुटते.

इंजिन

जाम इंजिनला किक मारू नका, किकचे दाते जातात. प्लग काढून 10-15 मिली डिझेल आणि तेल सारखं मिसळून सोडा, दोनतीन दिवस मुरू द्या, मग मॅग्नेटच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, नटावर पाना लावून पुढं-मागं हलवा. एक्झॉस्टमध्ये कुंभारीण माशीचं मातीचं घर आहे का तेही बघा. मॅग्नेट काढायला त्याचाच पुलर लागतो. हातोडी मारली तर तो तडकतो किंवा त्याचे रिव्हेट ढिले होतात.

खरं दुखणं बहुतेकदा ऑइल सीलमध्ये असतं. मॅग्नेटच्या बाजूचा सील कडक झाला की इंजिन तिथून हवा ओढतं. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो आणि मे महिन्याच्या उन्हात जाम होतो. दुसऱ्या बाजूचा, म्हणजे चेनकडचा सील गेला की गिअर ऑइल इंजिनात ओढलं जातं. मग पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर बॉक्सची पातळी उतरते. उलट गिअर ऑइलला पेट्रोलचा वास आला तरी संशय याच सीलवर घ्या. म्हणून इंजिन उघडलं की दोन्ही सील बदलायचेच. बेअरिंग जुन्यावरचा नंबर वाचून त्याच नंबरचं घ्या.

मूळ बोअर 57 मिमी, स्ट्रोक 58. लेथवाल्याला कमीत कमी कापायला सांगा. पहिल्या ओव्हरसाइजमध्ये, म्हणजे मूळ मापाच्या पुढच्या पहिल्या मापात, सिलेंडर साफ होत असेल तर त्यापुढच्यात जाऊ नका, कारण दर मापाला मूळ सिलेंडरचं एक आयुष्य संपतं. सुट्या भागांसाठी घाबरायचं कारण नाही. इनोसेंटीची यंत्रसामग्री 1972 मध्ये लखनौच्या स्कूटर्स इंडियानं घेतली आणि तिथल्या विजय सुपरचे इंजिनातले बरेच भाग लॅम्ब्रेटाला चालतात. आत लपणारा भाग असा लावायला हरकत नाही, जुना मात्र चिठ्ठी लावून डब्यात ठेवा.

क्लचच्या कॉर्क प्लेटा बसवण्याआधी रात्रभर तेलात भिजत घाला, कोरड्या बसवल्या तर जळतात. गिअर बॉक्समध्ये 700 मिली साधं एसएई 90.

करंट आणि पेट्रोल

कंडेन्सर नवा घ्या. पॉइंटचा, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचा, गॅप 0.35 ते 0.45 मिमी ठेवा. 6 व्होल्टचा दिवा मिणमिणतो तो बरेचदा नव्या रंगानं अर्थिंग अडवल्यामुळे. अर्थिंगच्या जागेवरचा रंग खरवडून काढा. तरीही 12 व्होल्ट करायचंच असेल तर वायर न कापता करा आणि मूळ कॉईल-प्लेट सांभाळून ठेवा.

आपल्याच पट्ट्यातल्या उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत असतं. जुनं रबर आणि पेट्रोल कॉकमधला बूच त्यानं फुगतो किंवा विरघळतो. पाइप आणि सील इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या, महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. इथेनॉलमुळे मिश्रण पातळही होतं. प्लग पांढरट दिसला तर कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) एक नंबरानं वाढवा. प्लगचा रंग विटकरी आला की बास.

पहिले 500 किलोमीटर लिटरमागे 50 मिली टू-स्ट्रोक तेल, नंतर 40. या काळात ताशी 40-45 किलोमीटरच्या वर नेऊ नका आणि घाटाच्या चढावर खालच्या गिअरला लवकर या. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण गार झालं की हेडचे नट तिरके-तिरके पुन्हा आवळा.