कोलेस्टेरॉल, प्रेशर आणि पेशीचं पटल: खोबरेल, चादर आणि बीट घेऊन कसं समजून घ्यायचं

अकरावीच्या पोरांना पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण, शिकवताना कोलेस्टेरॉल म्हटलं की निम्मी बॅच सांगते, सर आमच्या आजीचं वाढलंय, आणि प्रेशर म्हटलं की उरलेली निम्मी आजोबांच्या बीपीच्या गोळ्यांवर येते. म्हणून सुरुवात इथूनच करा. रिपोर्टमधला आकडा रक्तातून वाहून नेल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचा असतो, आपण बोलतोय ते प्रत्येक पेशीच्या पटलात बसलेलं, आणि ते नसेल तर आपली पेशी जगणारच नाही. तांबड्या पेशीच्या पटलात तर स्निग्ध रेणू मोजले तर शंभरातले साधारण ४० कोलेस्टेरॉलचेच निघतात. आणि बीपीचं १२० म्हणजे १२० मिलिमीटर पारा, ७६० नं भागलं की ०.१६ ॲटमॉस्फिअर. पटलाची चाल बदलायला शेकडो ॲटमॉस्फिअर लागतात. हा भागाकार पोरांकडूनच करून घ्या, डोक्यातला गोंधळ तिथंच मिटतो.

आता खोबरेल. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत सकाळी खोबरेलाची बाटली गोठलेली सगळ्यांनी बघितलेली असते, साधारण २४ डिग्रीच्या खाली ते घट्ट होतं, शेंगतेल मात्र त्याच फळीवर पातळच राहतं. तीन वाट्या घ्या, एकीत खोबरेल, एकीत शेंगतेल, एकीत दोन्ही निम्मं निम्मं, आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी खोबरेलात चमचा घुसत नाही, शेंगतेल जरा गढूळ झालं तरी ओतता येतं, आणि मिक्स वाटीत चमचा सहज घुसतो. कारण एकच, तेलाच्या रेणूंना कार्बनच्या लांब साखळ्या असतात, त्यांना शेपट्या म्हणू; खोबरेलातल्या बहुतेक शेपट्या सरळ, त्या एकमेकींना चिकटून बसतात, शेंगतेलातल्या बऱ्याच शेपट्यांना दुहेरी बंधामुळं वाक असतो त्यामुळं नीट रचच लागत नाही.

पटलातही हेच. डीपीपीसी नावाचा लिपिड, म्हणजे पटलातला स्निग्ध रेणू, घ्या, आपल्या फुप्फुसाच्या आतल्या थरात तो भरपूर असतो, त्याच्या दोन्ही शेपट्या १६ कार्बनच्या आणि सरळ, तो ४१ डिग्रीला घट्ट जेलचा पातळ होतो. डीओपीसी या दुसऱ्या लिपिडच्या शेपट्या उलट १८ कार्बनच्या, म्हणजे लांब, पण प्रत्येकीत एक वाक, तर तो उणे १७ च्या आसपास जाईपर्यंत पातळच. म्हणजे एका वाकानं जवळजवळ ६० डिग्रीचा फरक पडला! आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, त्यामुळं ४१ हा आकडा इथल्या पोरांना लगेच बसतो. फक्त एक सांगायला विसरू नका, तेल म्हणजे पटल नाही. पटलात रेणूंचे दोन थर असतात, डोकी पाण्याकडं, शेपट्या आत, आणि सगळी जाडी मिळून ४-५ नॅनोमीटर. वाटीतून फक्त शेपट्यांचा स्वभाव कळतो.

कोलेस्टेरॉलसाठी मी चादर वापरतो आणि माझ्या मते यापेक्षा चांगलं साधन नाही. सोलापुरी सिंगल चादर वर्गात जमिनीवर अंथरा, त्यावर दहा-बारा पोरं उभी करा, त्यांचे हात म्हणजे शेपट्या. आधी हात सैल हलवायला सांगा, सगळी एकमेकांच्या जागेत शिरतात, जागा बदलतात, हा झाला पातळ थर. मग हात अंगाला चिकटवून ताठ ओळीत उभं करा, हा जेल. आता तीन-चार पोरांच्या हातात लाकडी पट्टी उभी धरायला देऊन त्यांना मधे मधे घुसवा, ती हलायची नाहीत, कारण कोलेस्टेरॉलच्या रेणूत चार कड्या जोडलेल्या असतात आणि तो भाग वाकतच नाही. सैल थरात ही पोरं शिरली की शेजाऱ्यांना हात झोकता येत नाहीत, थर जरा घट्ट आणि नीटनेटका होतो. पण ताठ ओळीत शिरली तर उलटं, ओळच मोडते, थर सैल होतो. गरम असताना आवळतं आणि गार असताना सोडवतं, हे वाक्य पाठ करून जे कळत नाही ते चादरीवर दोन मिनिटांत कळतं, मागच्या बाकावरची पोरं पण स्वतःहून बोलायला लागतात. कोलेस्टेरॉल भरपूर असेल, शंभरात ३०-४० रेणू, तर ४१ ला होणारा तो अचानक बदल जवळजवळ पुसूनच जातो, रेणू सरकत राहतात पण शेपट्या ताठ. कोविडच्या एमआरएनए लसीतल्या स्निग्ध कणांतही साधारण ४० टक्के रेणू कोलेस्टेरॉलचे होते.

पोरं चादरीवर असतानाच प्रेशर करून घ्या. पट्टीवाल्यांना बाहेर काढा, बाकीच्यांना हात हलवू द्या आणि चादरीची कड हळूहळू दुमडत चला. जागा कमी पडली की कुणी न सांगता हात अंगाला लागतात आणि सगळी ताठ होऊन उंच दिसायला लागतात. खरोखरच दाबाखाली शेपट्या सरळ होतात, थर किंचित जाड होतो आणि जेल कमी जागा घेतं म्हणून दाब जेलच्या बाजूनं ढकलतो. मग पट्टीवाल्यांना परत आणून तेवढीच कड दुमडा, फरक कमी दिसेल, कारण हात आधीच आवळलेले होते. कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या पटलावर दाबाचा परिणाम कमी होतो तो यामुळंच. चादरीवर दाब एका बाजूनं येतो, खऱ्या पटलावर सगळीकडून, एवढं तोंडी सांगा.

आकडा असा लक्षात ठेवायचा, १००० ॲटमॉस्फिअरला डीपीपीसीचं ४१ साधारण २० डिग्रीनं वर सरकतं. समुद्रात दर १० मीटरला १ ॲटमॉस्फिअर वाढतो, म्हणजे १० किलोमीटर खोल गेलं की एवढा दाब, आणि तिथं पाणीही २-३ डिग्रीचंच. तिथले जिवाणू पटलात वाकड्या शेपट्या वाढवून थर पातळ राखतात, आपल्या मिक्स वाटीसारखंच.

शेवटी बीट, कारण पटल फाटलेलं डोळ्यांनी दिसायला हवं. बीटाचे सेंटिमीटरभर चौकोनी तुकडे करा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत नळाखाली धुवा, हे टाळलं तर कापलेल्या पेशींचा रंग सगळा निकाल बिघडवतो. मग ४०, ५०, ६०, ७० डिग्रीच्या पाण्यात एकेक तुकडा पाच मिनिटं, प्रत्येक ग्लासात पाणी सारखंच. ४० ला जवळजवळ काही नाही, ५० च्या पुढं गुलाबी, ७० ला गर्द लाल. एक तुकडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून साध्या पाण्यात टाका, तोही रंग सोडतो, बर्फाच्या स्फटिकांनी पटल फाटतं म्हणून. यात लिपिडबरोबर पटलातली प्रथिनंही बिघडतात, आणि बीटात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, वनस्पती त्याजागी सिटोस्टेरॉलसारखे भाऊबंद वापरतात, त्यामुळं हा कोलेस्टेरॉलचा पुरावा म्हणून सांगू नका.

इथं एक प्रश्न येतोच, सर मग कुकरमध्ये बीटाचं पाणी लाल होतं ते प्रेशरमुळं असंल की? त्याला उत्तर देऊ नका, खडू हातात द्या. कुकरमध्ये जास्तीचा दाब १ ॲटमॉस्फिअर, १००० ला २० डिग्री तर १ ला ०.०२. आणि कुकरच्या आतलं पाणी १२० डिग्रीचं.