शेवटच्या रात्रीची ड्यूटी: वॉर्डात नव्या आलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

राउंडला डॉक्टर मरणाला टेकलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना 'आता फार काही करण्यासारखं नाही' सांगतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. तिथून पुढचं काम आपलं, आणि ते भरपूर असतं.

आधी दुखणं बघा. वेदनेचं औषध केस पेपरवर नुसतं 'एसओएस' (म्हणजे गरज पडली तर) लिहिलं असेल तर डॉक्टरांना फोन करून वेळा लिहून घ्या. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो. रात्रीच्या डोसचं काय करायचं तेही तेव्हाच विचारा, नाहीतर पेशंट पहाटे कण्हत उठतो. सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच. २०१४ साली एनडीपीएस कायद्यात (अमली पदार्थांच्या कायद्यात) दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं; तुमच्या स्टोअरला आहे का, हे गरज पडायच्या आधी माहीत करून घ्या.

मग येतो जेवणाचा प्रश्न. "माय दोन दिवसांपासून जेवंना, सिस्टर, सलाईन तरी लावा." हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक लेकीच्या तोंडी असतं. तिला नुसतं 'नको' म्हणू नका. शरीर थांबत आलं की भूक आपोआप जाते, उपाशी ठेवल्यामुळे माय चाललेली नाही, हे स्टुलावर बसून सांगा. बळंच भरवलेला घास ठसक्यातून फुप्फुसात जातो. जास्तीच्या सलाईननं सूज आणि छातीतली घरघर वाढते. एवढं सांगून तिच्या हाती काम द्या. ओल्या गॉजनं तोंड पुसायचं, ओठांना व्हॅसलीन लावायचं. ज्या लेकीनं शेवटपर्यंत मायचं तोंड ओलं ठेवलं, तिला पुढं वर्षानुवर्षं 'मी काहीच केलं नाही' असं वाटत नाही.

श्वासाबद्दल आधीच सांगून ठेवा. श्वास जोरात चालतो, मंदावतो, मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर चट्टे येतात, लघवी कमी होते. अचानक दिसलं तर घरचे घाबरून धावाधाव करतात. आधी ऐकलेलं असेल तर हात धरून बसतात. घरघर लागली तर कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच करा, स्राव कमी करणाऱ्या ग्लायकोपायरोलेट या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. घशात खोल सक्शनची (स्राव ओढून काढायची) नळी घालू नका. आणि खाटेपाशी उभं राहून हिश्श्याच्या, खर्चाच्या गोष्टी कुणाला करू देऊ नका. पेशंटला ऐकू येतंय असं धरूनच चला.

थोरला मुलगा ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे गेला असेल, तर 'बघू सकाळी' म्हणू नका, आत्ताच फोन करायला लावा. तिथून बीड-परभणी गाठायला त्याची रात्र जाते. पोचणं शक्य नसेल तर फोन मायच्या कानाशी धरा.

तुळशीचं पान, गोदावरीचं पाणी, कलमा, त्रिशरण, ज्याचं जे असेल ते होऊ द्या. पाणी मात्र चमच्यानं ओतू नका, बोट बुडवून ओठांना लावा. मुस्लिम कुटुंबानं तोंड पश्चिमेला करायला सांगितलं तर खाट फिरवायला वॉर्डबॉय मामांना हाक मारा. खाटेजवळ एकच नातेवाईक हा नियम त्या रात्री सोडा आणि दारावरच्या गार्डला तसं स्वतः सांगून या. पडदा ओढा, पण शेजारच्या खाटेवरच्या पेशंटशी दोन शब्द बोला. तो सगळं ऐकत असतो.

फवारणीचं औषध प्यायलेला, सर्पदंशाचा, भाजलेला पेशंट असेल तर केस एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे नोंद होणारी असते. मृत्यूनंतर नळ्या, सुया काढू नका आणि पोस्टमॉर्टेम होईल हे घरच्यांना डॉक्टरांकडून वेळीच कळू द्या. गाडी लावून, गावात सरण रचायला सांगून बसलेल्या माणसांना ते ऐनवेळी कळलं की संताप होतो, आणि तो रास्त असतो. एमएलसी नसलेल्या मयताच्या नळ्या काढा, अंग पुसा, डोळे मिटवा, हनुवटी बांधा. दागिने दोन साक्षीदारांसमोर मोजून सही घेऊन द्या.

१०८ची गाडी मृतदेह नेत नाही, शववाहिकेचा नंबर टेबलावर लिहून ठेवा. आणि डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४ भरतील तेव्हा मयताचं नाव आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते पाहा. एका वेलांटीपायी सातबाऱ्यावर वारस लावताना त्याच लेकीला तलाठ्याकडे हेलपाटे मारावे लागतात.