फुली मारण्याआधी: चुकीच्या उत्तरातून शिकवायचं कसं

०.३५ आणि ०.४ यांतली मोठी संख्या कोणती? वर्गात विचारून बघा. बरीच मुलं ०.३५ म्हणतील, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. आता त्याच मुलांना ०.७५ आणि ०.५ विचारा. उत्तर बरोबर येईल, कारण मात्र तेच असेल: ७५ हे ५ पेक्षा मोठे. तुम्ही फक्त दुसरा प्रश्न विचारला असता, तर पूर्ण गुण देऊन पुढच्या धड्याला लागला असता.

मी गणित आणि विज्ञान दोन्ही शिकवलं. आता नव्या शिक्षकांचे तास बघायला मागच्या बाकावर बसते आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते: चुकणारं मूल बहुतेक वेळा काहीतरी ठोकून देत नसतं. त्याच्याकडे एक नियम असतो आणि तो ते इमानाने पाळत असतं. नियमच चुकीचा असतो, एवढंच. तो हुडकला नाही, तर तोच धडा कितीही वेळा समजावून सांगा, पालथ्या घड्यावर पाणी.

सुरुवात प्रश्नांच्या निवडीपासून करा. तासाआधी वहीत लिहून काढा, कोणत्या चुकीच्या समजुतीतून कोणतं उत्तर येईल. दशांश अपूर्णांकांत दोन समजुती हमखास सापडतात. एक वर सांगितली: जास्त अंक म्हणजे मोठी संख्या. दुसरी तिच्या बरोबर उलट. दशांश हे शतांशापेक्षा मोठे, म्हणून अंक कमी असतील ती संख्या मोठी, असं मूल धरून चालतं. हे मूल ०.३५ आणि ०.४ च्या प्रश्नातून सहज सुटतं. त्याला पकडायला ०.३ आणि ०.४५ द्यावे लागतात. माझा लाडका प्रश्न ०.५ आणि ०.५० चा. पहिल्या समजुतीचं मूल ०.५० म्हणेल, दुसऱ्या समजुतीचं ०.५ म्हणेल आणि ज्याला समजलंय ते ‘सारख्याच’ म्हणेल. पण ‘शेवटचं शून्य सोडायचं’ एवढंच पाठ केलेलं मूलही ‘सारख्याच’ म्हणतं, म्हणून तिन्ही प्रश्न विचारायचे.

वजाबाकीतही हेच. ५२ − २७ = ३५ लिहिणारं मूल आळशी नसतं. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे ते प्रत्येक स्तंभात काटेकोर पाळतं, म्हणून ७ मधून २ काढतं. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी अशा चुकांची पद्धतशीर मांडणी केली आणि ते काम १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं. शिक्षकांच्या सरावासाठी त्यांनी चुकणाऱ्या मुलाचं सोंग घेणारा एक संगणकी खेळही केला होता. संगणक ठरावीक पद्धतीने चुकायचा आणि तो कुठला नियम पाळतोय हे शिक्षकाने ओळखायचं. हा खेळ दोन शिक्षक कागदावरही खेळू शकतात. जरूर खेळा.

आणखी एक प्रश्न: ८ + ४ = ☐ + ५. चौकटीत १२ आले, तर मूल बरोबरच्या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिहा’ असा घेतंय. १७ आले, तर त्याने दिसेल ते सगळं मिळवलंय. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्सच्या गणितज्ञाने १५५७ मध्ये हे चिन्ह छापलं, तेव्हा दोन समांतर रेषा निवडल्या, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी नाहीत असं त्याचं म्हणणं होतं. मुलांपुढे ७ = ७, १२ = ८ + ४ अशी विधानं ठेवा आणि खरं की खोटं विचारा. काही मुलं ७ = ७ ला चक्क खोटं म्हणतात. तिथून बोलणं सुरू करा.

आता प्रश्न विचारल्यावर काय करायचं? हात वर करायला लावू नका. त्याच चार मुलांचे हात वर येतात आणि उरलेला वर्ग निवांत बसतो. सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं आणि एकदम वर धरायचं. त्याआधी थांबा. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात, असं मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणसंशोधिकेला विज्ञानाच्या तासांत आढळलं होतं. ते थांबणं ३ सेकंदांच्या वर गेलं, की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. मनात आकडे मोजा, नाहीतर तीन सेकंद होत नाहीत.

पाट्या बघितल्या की लगेच उत्तर सांगायची जीभ आवरा. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मेझूर यांची पद्धत इथे कामाला येते: साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील, तर शेजाऱ्याशी वाद घालायला सांगायचं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. एकदोघांनाच जमलं असेल, तर मात्र चर्चेला सोडू नका. तिथे ठासून बोलणारं मूल जिंकतं, मग ते चूक का असेना. आणि ‘कसं काढलंस?’ हा प्रश्न बरोबर उत्तर देणाऱ्यालाही विचारा, नाहीतर तो विचारला की आपलं चुकलं, असं मुलं ओळखून घेतात.

समजूत पकडल्यावर ती सुटते हातात वस्तू आल्यावर. १० × १० चौकटींच्या कागदावर ०.४ म्हणजे चार पूर्ण उभ्या पट्ट्या रंगवा, ०.३५ म्हणजे तीन पट्ट्या आणि वर पाच चौकटी. वाचतानाही ‘पॉइंट पस्तीस’ म्हणू नका, ‘तीन दशांश पाच शतांश’ म्हणा.

विज्ञानात समजुती आणखी चिवट असतात. झाडाचं वजन कुठून येतं, हे आधी लिहून घ्या. बहुतेक जण माती लिहितात. मग सतराव्या शतकातला शास्त्रज्ञ वॅन हेल्मॉन्ट याच्या प्रयोगाची गोष्ट सांगा, पण आकडे एकेक करून. २०० पौंड कोरडी माती, ५ पौंडांचं विलोचं रोप, पाच वर्षं फक्त पाणी. झाड किती झालं? अंदाज घ्या, मग सांगा: सुमारे १६९ पौंड. माती किती कमी झाली? पुन्हा अंदाज घ्या. सुमारे २ औंस, म्हणजे जेमतेम साठेक ग्रॅम! त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. माती त्याने बाद केली, हवा त्याच्या हातून निसटली. प्रकाशसंश्लेषणाचा धडा इथून सुरू केला, तर कार्बन डायऑक्साइड मुलंच शोधायला लागतात.

बरोबर शब्दांवरही भुलू नका. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांच्या १९९२ च्या अभ्यासात पृथ्वी गोल आहे म्हणणाऱ्या काही मुलांच्या मनात चपटी तबकडी होती, काहींच्या मनात आतून पोकळ गोळा, ज्याच्या आत माणसं राहतात. म्हणून चित्र काढायला लावा आणि विचारा, ‘सरळ चालतच राहिलास तर कुठे पोचशील?’

वर्गात दृष्टिहीन मूल असेल, तर फळ्यावर लिहिताना जे बोलता ते तपासा. ‘एक छेद एक्स अधिक दोन’ यातले दोन छेदात आहेत की बाहेर? ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. अब्राहम नेमेथ हे स्वतः दृष्टिहीन गणिती. त्यांच्या १९५२ च्या ब्रेल गणितलिपीत अपूर्णांक सुरू झाल्याची आणि संपल्याची वेगळी खूण आहे. तसंच बोला: ‘अपूर्णांक सुरू, अंश एक, छेद एक्स अधिक दोन, अपूर्णांक संपला.’ याचा फायदा डोळस मुलांनाही होतो, कारण कंस कुठे घालायचा यावर तीही अडखळतात. आलेखातल्या लाल-हिरव्या रेषांवर नावं लिहा, काहींना ते रंग वेगळे दिसत नाहीत. ज्यांना ऐकू कमी येतं, त्यांच्यासाठी फळ्याकडे तोंड करून बोलणं बंद करा. वर्गाची भाषा ज्यांची घरची नाही, त्यांना आधी शेजाऱ्याशी घरच्या भाषेत बोलू द्या.

महिन्याभराने पुन्हा तपासा, जुन्या समजुती परत डोकं वर काढतात. आकडे बदलून विचारा आणि ४.४५०२ व ४.४५ ही जोडी जरूर घाला. पैशांच्या हिशोबाने विचार करणारी मुलं दशांश चिन्हापुढचे दोनच अंक बघतात. आधीचे सगळे प्रश्न त्यांनी बरोबर सोडवलेले असतात आणि इथे मात्र ती ‘सारख्याच’ लिहितात.